सुटलेला सांधा

आजच्या फोनाच्या अंगावर अँटेना दिसत नाहीं, म्हणून तो नसतोच असें पुष्कळांस वाटतें. जुन्या रेडिओचा अँटेना तार होऊन घराच्या आढ्यावरून जात असे, किंवा पेटींतून काठीसारखा वर निघत असे. त्यामुळें तो लहान मुलांसहि ठाऊक असे. आतां तो पेटीच्या आंत गेला आहे, आणि जें डोळ्यांआड झालें तें मनांतूनहि गेलें. फोन ऐकेनासा झाला कीं आपण मनोऱ्याला बोल लावितों, पावसाला लावितों, नाहीं तर रानाला लावितों. पुष्कळदां तो बोल खराहि असतो. परंतु कधीं कधीं दोष दहा कोसांवर नसून आपल्या तळहातावर असतो. आणि तो ओळखण्यास फार मोठी विद्या लागत नाहीं, धीर मात्र लागतो. अशा एका प्रसंगाची हकीकत विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या वडीलमंडळींपुढें ठेवावी असें मनांत आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून देतों. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. या जिल्ह्याचा बहुतेक भाग रानानें व्यापिलेला आहे. त्याच्या आग्नेय अंगाला, इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर भामरागड वसलें आहे. आलापल्लीहून तेथें जाणारी सडक साग, बांबू व मोह यांच्या रानांतून साठ किलोमीटरांहून अधिक धांवते. पर्लकोटेचें पाणी पुलावर चढलें म्हणजे भामरागड व त्यापलीकडील गांवें जगापासून तुटून पडावीं, असें वर्षानुवर्षें होत आलें आहे. रेडिओलहरींनाहि या रानाचा अडथळा होतोच. पानांतील पाणी त्यांचा कांहीं अंश शोषून घेतें, आणि पावसाळ्यांत रान ओलेंचिंब झालें म्हणजे हा अंश वाढतो. २०१४ सालीं केंद्र सरकारनें नक्षलग्रस्त भागांत मोबाइलचे मनोरे उभारण्याची योजना मंजूर केली, व एप्रिल २०२२ मध्यें देशांतील अशा २,३४३ ठिकाणच्या मनोऱ्यांना दोन-जीवरून चार-जीवर नेण्याचें ठरविलें. मी सांगतों त्या वेळीं आमच्या हकीकतींतल्या गांवाला जवळच्या दोन-जी मनोऱ्याचाच आधार होता.

माझी थोरली बहीण भामरागडापलीकडच्या एका लहानशा गांवीं आशा कार्यकर्ती आहे. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें गांवोगांवीं ज्या आशा नेमल्या, त्यांच्याकडे गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणें, बालकांना लस मिळते कीं नाहीं हें पाहणें, तापाच्या रोग्याची विचारपूस करणें, अशीं कामें असतात. आणि वेळप्रसंगीं १०८ क्रमांकावर गाडी बोलावणें हेंहि बहुधा त्यांच्याच वांट्याला येतें. २०२२ च्या श्रावणांत मी राखीच्या निमित्तानें तिच्याकडे गेलों, आणि पुलावर पाणी आल्यामुळें तेथेंच अडकून पडलों.

तिचा फोन तेव्हां महिनाभर आजारी होता. ओट्यावर उभी राहून बोलूं लागली कीं आवाज तुटे, म्हणून ती चिखल तुडवीत गांवाबाहेरच्या टेकाडावर जाई. तेथेंहि लागला तर लागला. गांवकऱ्यांचें म्हणणें असें कीं मनोराच मंद झाला आहे. इकडे गांवांतील एका सुनेचे दिवस भरत आले होते, आणि ती तिची पहिलीच खेप होती.

"बाबू," अक्का मला म्हणाली, "दिवसा मी टेकाडावर धांवेन. रात्रीं काय करूं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. म्हणून आधीं फोनालाच प्रश्न विचारावयाचे ठरविलें.

दुरुस्तीचा आरंभ पेचकसानें होत नाहीं, चौकशीनें होतो. पहिला प्रश्न असा कीं दोष मनोऱ्याचा कीं फोनाचा? अक्काच्या फोनांतील सिमकार्ड काढून मीं माझ्या फोनांत घातलें, व दोन्ही फोन त्याच ओट्यावर, त्याच खांबापाशीं, आळीपाळीनें पाहिले. फोनाच्या सेटिंगमध्यें सिमच्या स्थितीखालीं लहरींचें बळ आंकड्यांत दिसतें. त्या मापाला डीबीएम म्हणतात. आंकडा उणें चिन्हाचा असतो, आणि तो शून्याच्या जितका जवळ तितकें बळ अधिक. अक्काच्या फोनांत उणें १०४ आला, माझ्या फोनांत उणें ८१. फरक २३ चा. दिसावयास हा लहान आहे, पण या मापांत दर दहा अंकांना बळ दहापट होतें. त्या हिशेबानें माझ्या फोनाला तिच्या फोनाच्या सुमारें २०० पट बळ मिळत होतें. मनोरा तोच, सिम तेंच, पाऊसहि तोच. तेव्हां बिचारा मनोरा निर्दोष ठरला.

दुसरा प्रश्न, फोनाचा कोणता भाग? ब्लूटूथनें एक छायाचित्र तिच्या फोनांतून माझ्या फोनांत सहज आलें. ब्लूटूथचा अँटेना बहुधा वेगळा व वरच्या अंगाला असतो. मनोऱ्याशीं बोलणारा मुख्य अँटेना बहुधा खालच्या अंगाला, चार्जिंगच्या छिद्राजवळ असतो. तिसरा प्रश्न, हें केव्हांपासून? अक्कानें आठवून सांगितलें कीं, एका बाजाराच्या गांवीं चार्जिंगची जागा बदलून घेतली होती; त्यानंतर एकदां फोन ओट्यावरून खालच्या दगडावर पडला, तेव्हांपासून असें झालें. तिन्ही उत्तरांनीं एकाच ठिकाणीं बोट दाखविलें.

आतां हत्यारें. चष्म्याचा लहान पेचकस माझ्याजवळ होता. बांबूची कांब तासून मीं एक चपटी व एक टोंकदार अशा दोन काड्या केल्या. कोरडा बांबू वीज वाहून नेत नाहीं व नाजूक भागांवर ओरखडा काढीत नाहीं. फोन बंद केला, सिमचा खण काढला, आणि कडेकडेनें चपटी काडी सावकाश फिरवून पाठ मोकळी केली. जसजसे स्क्रू निघाले तसतसे ते कागदावर फोनाची आकृति काढून ज्याच्या त्याच्या जागीं मांडले. कारण स्क्रू दिसावयास सारखे असले तरी त्यांची लांबी निराळी असते, आणि लांब स्क्रू भलत्या जागीं पिळला तर खालची पाटी फुटते. मग सर्वांआधीं बॅटरीची जोडणी सोडविली. बॅटरीला टोंक लागूं देऊं नये व तिला वांकवूं नये. लिथियमची बॅटरी फुटली तर पेट घेऊं शकते.

आंतली रचना साधी आहे. वर मुख्य पाटी, खालीं चार्जिंगची लहान पाटी, आणि दोहोंना जोडणारी, बॅटरीच्या कडेनें गेलेली, शेवयेसारखी बारीक काळी तार. या तारेच्या मध्यें धातूचा धागा, त्याभोंवतीं वीज न वाहूं देणारा थर, आणि त्यावर पुन्हा धातूचें विणलेलें वेष्टण असतें. तिच्या दोन्ही टोंकांस मोहरीएवढी गोल टोपी असते, व ती पाटीवरील बारीक बैठकीवर टिचबटणाप्रमाणें बसते. अक्काच्या फोनांत खालची टोपी बैठकीवरून अर्धी उचकटलेली होती. तिला दाबून धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचा एक स्क्रू मागल्या दुरुस्तींत बसविलाच गेला नव्हता, म्हणून फोन पडतांच ती उसळली. शेजारची, अँटेनाला टेकणारी इवलीशी स्प्रिंगहि दमट हवेनें काळवंडली होती.

टॉर्च धरून बसलेली अक्का वांकून पाहूं लागली. "एवढ्याशा बटणासाठीं मी महिनाभर टेकाड चढलें?"

होय, एवढ्याशासाठींच. ९०० मेगाहर्ट्झची लहर एका सेकंदांत ९० कोटि वेळां आंदोलन पावते. तिची लांबी सुमारें ३३ सेंटिमीटर. तिचा चौथा भाग सुमारें ८ सेंटिमीटर, म्हणूनच तिचा अँटेना फोनाच्या पोटांत मावतो. इतक्या त्वरेच्या प्रवाहाला केसाएवढ्या फटींतूनहि थोडी वाट सांपडते. म्हणून फोन साफ मुका झाला नाहीं. पण पुष्कळशी शक्ति त्या फटीशींच अडते, म्हणून तो धड बोललाहि नाहीं. शिवाय जी शक्ति फोनापर्यंत पोंचते ती मुळांतच किती अल्प! उणें १०० डीबीएम म्हणजे एका वॉटाला एकावर तेरा शून्यें इतक्या संख्येनें भागून येईल तेवढी. अशा तुटपुंज्या मिळकतींतून सांध्यानेंच वांटा खाल्ला तर उरावें काय? फोनाचें बोलणेंहि त्याच वाटेनें बाहेर जातें. तें दुबळें पोंचलें कीं फोन आपलें बळ वाढवितो व बॅटरी लवकर रिती होते. अक्काच्या फोनाची बॅटरी दुपारींच कां संपे, याचाहि उलगडा तेथें झाला.

सांध्यावरील दाबाचें हें महत्त्व जुन्या संशोधकांनीं चांगलें ओळखलें होतें. जर्मनींत हर्ट्झनें १८८७-८८ च्या सुमारास या लहरींचें अस्तित्व प्रयोगानें दाखविलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत कलकत्त्याला जगदीशचंद्र बसूंनीं अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. त्यांच्या एका ग्राहकयंत्रांत पोलादी स्प्रिंगा एकमेकींस टेकवून ठेविलेल्या असत, आणि त्या किती दाबानें टेकाव्या हें स्क्रू फिरवून जुळवावें लागे. त्या यंत्राचें कार्य निराळें होतें. परंतु धातूनें धातूला नीट टेकलें पाहिजे, ही गोष्ट तीच.

यापुढील काम पांच मिनिटांचें होतें. टोपी बैठकीच्या अगदीं वर आणली व चपट्या काडीनें सरळ खालीं दाबली; 'टिच्' असा बारीक आवाज झाला. ती तिरपी दाबली तर बैठक चुरडते, म्हणून घाई करूं नये. स्प्रिंग कापसाच्या बोळ्यावर थेंबभर स्पिरिट घेऊन पुसली, वाळूं दिली, व टोंकदार काडीनें केसभर वर उचलली. उणा असलेला स्क्रू माझ्याजवळ नव्हता. त्याऐवजीं पट्टीखालीं खोडरबराचा पातळ काप ठेविला, म्हणजे पाठ लागतांच टोपीवर दाब राहील. सर्व पुन्हा जोडून फोन सुरू केला. आंकडा उणें ८३ आला. अक्कानें ओट्यावरूनच आपल्या पर्यवेक्षिकेला फोन लाविला, आणि बोलणें संपेपर्यंत आवाज तुटला नाहीं.

तिसऱ्या रात्रीं त्या सुनेला कळा सुरू झाल्या. अक्कानें घरांतूनच १०८ क्रमांक फिरविला. गाडी नाल्याच्या पलीकडे येऊन थांबली. गांवच्या चार तरुणांनीं मुलीला खाटेवर घेऊन गुडघाभर पाण्यांतून पार नेलें. पहांटे दवाखान्यांत तिला मुलगी झाली. त्या रात्रीचें श्रेय खाट वाहणाऱ्यांचें, गाडी हांकणाऱ्याचें व अक्काचें आहे. फोनानें आपल्या वांट्याची हांक तेवढी पोंचविली.

विद्यार्थिमित्रहो, यावरून प्रत्येकानें उठून घरांतील फोन उघडावा असें माझें सांगणें नाहीं. पाटीवरील बैठकच उखडली असेल तर तें काम भिंगाखालीं डाग देणाऱ्या कुशल कारागिराचें आहे. बॅटरी फुगलेली दिसली तर फोनाला हात लावूं नये. हमीची मुदत चालू असेल तर तो ज्याचा त्याच्याकडेच न्यावा. परंतु सिम बदलून पाहणें, एकाच जागीं दोन फोनांचे आंकडे ताडून पाहणें, बिघाड केव्हांपासून हें घरच्यांस विचारणें, एवढें तरी तुम्हांपैकीं कोणालाहि करतां येईल. आणि कारागिराकडे जावयाचें झालेंच, तर दोष कोठें आहे हें त्याला सांगतां येईल. ज्यांच्या गांवाहून दुरुस्तीचें दुकान दिवसभराच्या वाटेवर आहे, त्यांच्या घरीं ही माहिती असणें विशेष अगत्याचें आहे. वडीलमंडळींस विनंति इतकीच कीं, घरांत एखादा निकामी फोन पडला असेल तर त्याची बॅटरी जाणत्या माणसाकडून काढवून, तो मुलांना आपल्या देखत उघडूं द्यावा. ती शेवयेसारखी तार व ती मोहरीएवढी टोपी त्यांनीं एकदां डोळ्यांनीं पाहूं द्यावी.