मापात पाप नको

कोल्हापुरातून निघून पट्टणकोडोली मागे टाकली, की उसाच्या रानांमधून हुपरी येते. ही चांदीची नगरी. पैंजण आणि जोडव्यांचं काम इथं घरोघरी चालतं. आमच्या मामूंची हयातही त्याच कामात गेली. डोळे थकले तेव्हा त्यांनी काम मुलांवर सोपवलं आणि पाणी साचून चोपण झालेल्या वीस गुंठ्यांत मातीचं तळं खोदलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचा मुक्काम तिथंच असतो.

मासे म्हणजे बीज टाकलं आणि जाळं ओढलं, असंच आम्हाला वाटायचं. मामूंनी समजावलं. जूननंतर एक हजार बोटुकली सोडायची: चारशे कटला, तीनशे रोहू, तीनशे मृगळ. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकमेकांच्या ताटात कुणी हात घालत नाही. बोटुकलीची पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची, मग तोंड सोडायचं. हे मासे साठलेल्या पाण्यात आपण होऊन वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली, तेव्हापासून खात्रीचं बीज मिळू लागलं.

पाण्यातला माल दिसत नाही, म्हणून मामू तो तोलतात. महिन्यातून एकदा फेकजाळ्यानं तीसेक मासे धरायचे, वजन करून पुन्हा सोडायचे आणि वहीत सरासरी मांडायची. गेल्या मे महिन्यात ती सातशे ग्रॅम निघाली. नऊशे मासे जगले असं धरलं तर सहाशे तीस किलो. त्याच्या दोन टक्के, म्हणजे रोज साडेबारा किलो खाद्य: निम्मी शेंगपेंड, निम्मा भाताचा कोंडा.

त्याच आठवड्यात मामू लग्नाला परगावी गेले आणि तळं आमच्या हवाली केलं. खाद्य टाकलं की पाणी कसं उसळतं, हे पाहण्यात मुलांना गंमत वाटे. आम्हीही विचार केला, चार घास जास्त गेले तर बिघडलं कुठं? दोन दिवस दुप्पट खाद्य पडलं. दुसऱ्या दिवशी वळवाचं आभाळ भरून आलं, ऊन पडलंच नाही.

फजरची नमाज पढून तळ्यावर गेलो, तर सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेही तो घेतं, मासेही घेतात आणि कुजणारं उरलेलं खाद्यही. त्यामुळं पहाटे तो सर्वांत कमी असतो. मामूंना फोन लावला. ते रागावले नाहीत. "खाद्य बंद करा, मोटार चालू करा, पाणी उंचावरून फवारून सोडा," एवढंच म्हणाले. ऊन वर येईपर्यंत बाकीचे सावरले. चाळीस मासे गेले.

सकाळी एक व्यापारी आला. म्हणाला, "जिवंत माल ओढा, त्यात हे मिसळू. कुणाला कळतंय?" आम्ही पुन्हा मामूंना विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "आम्ही आयुष्यभर लोकांची चांदी तोलली. चांदीत भेसळ केली नाही, ती माशात करायची? पुरून टाका." नारळाच्या बुडाशी खड्डा खणून आम्ही ते पुरले. भरपाई देऊ केली तर मामी म्हणाल्या, "पैसे राहू द्या, पोरांना हिशोब शिकवा."

महिन्याअखेर जाळं ओढलं. काट्यावर टोपल्या चढत होत्या आणि आमचा थोरला वहीत वजनं लिहीत होता. खाद्याचा रकाना त्यानं आधीच आखला होता. त्या दोन दिवसांपुढं त्यानं खरा आकडा लिहिला: पंचवीस किलो. आम्ही तो खोडू दिला नाही.