कळसूबाईची शिडी आणि वहीतला शेरा



'डोंगरमाथ्याची सफर' हा निबंध मी गेली कित्येक वर्षं मुलांकडून लिहून घेते. पहाटे उठलो, डबा घेतला, थंडगार वारा सुटला होता, आणि शेवटी 'हा दिवस मी कधीच विसरणार नाही'. तुमच्याकडच्या वह्यांतही हेच असतं ना? खरं सांगायचं तर हे मुद्दे फळ्यावर मीच लिहून देत होते. स्वतः मात्र गावाजवळच्या टेकडीपलीकडे काही चढले नव्हते.

या डिसेंबरात लेकीनेच पकडलं. "आई, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर तू शिकवतेस, पण बघितलंयस का?" झालं! एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी अकोले तालुक्यातल्या बारी गावात पोहोचलो. कळसूबाईच्या पायथ्याचं हे गाव. राहायला एक घरगुती मुक्काम मिळाला. दोन खोल्या, सारवलेलं अंगण, चुलीवरची नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. काकूंनी वाढता वाढता कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस तिला तेच काम सांगितलं, तशी ती घर सोडून डोंगरावर निघून गेली ती कायमचीच. लेक म्हणाली, "म्हणजे तिने नाही म्हटलं!" मी हसले. हा शब्द पुढे मलाच लागणार होता, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

पहाटे साडेपाचला निघालो. काकूंचा मुलगा वाट दाखवायला सोबत होता. आधी भातखाचरांच्या बांधावरून, मग दगडी पायवाटेने चढ. मध्ये मध्ये ताक-सरबताची खोपटी. जिथे कातळ सरळ उभा आहे तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. लेक माकडासारखी चढत होती आणि मी दर वळणावर "पाणी पिऊ या" म्हणत होते.

साडेनऊच्या सुमारास माथ्यावर आलो. उंची १६४६ मीटर. वर कळसूबाईचं छोटंसं मंदिर, बाजूला भन्नाट वारा. समोर अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड, दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी चकाकत होतं. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते, तिलाच इथे विल्सन धरणाने अडवलं आहे. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण. मी लेकीला विचारलं, "हे पाणी कुठल्या समुद्राला जातं?" ती म्हणाली, "अरबी! जवळ आहे ना." नाही. प्रवरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी अख्खं पठार ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते. नकाशावर दहा वेळा सांगून जे तिला पटलं नव्हतं, ते उताराची दिशा बघून एका मिनिटात पटलं.

दुसरा धडा खाऊच्या पिशवीतून निघाला. वेफर्सचं पाकीट टम्म फुगलं होतं. "आई, खराब झालं का गं?" खराब नाही, वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून आतली हवा पाकिटाला बाहेर ढकलते. आणखी एक गोष्ट तिथेच बोललो. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, पण संपूर्ण पश्चिम घाटातलं नव्हे. तो मान केरळमधल्या अनाईमुडीचा, उंची २६९५ मीटर. मुलं इथे हमखास चुकतात.

इथवर सगळं निबंधासारखंच झालं. आता निबंधात नसतं ते सांगते.

उतरताना वरच्या शिडीपाशी आले, खाली नजर गेली आणि पाय लटपटले. चढताना नजर वर होती, त्यामुळे काही वाटलं नव्हतं. आता पाय पुढे जाईचना. मागे माणसं खोळंबलेली. कोणीतरी म्हणालं, "ओ मॅडम, चला ना, पोरंसुद्धा उतरतायत." ते ऐकून तर मी कडेला सरकून खालीच बसले. डोळ्यांत पाणी आलं, तेही लेकीसमोर! "मला नाही जमणार," मी म्हटलं.

काकूंचा मुलगा शांतपणे म्हणाला, "ताई, बसा निवांत. गर्दी जाऊ द्या. मग शिडीकडे तोंड करून उतरायचं, मी खाली उभा राहतो." लेक आधी उतरली आणि खालून एकेक पायरी मोजत राहिली. वीस मिनिटं लागली असतील. पण उतरले.

बसल्या बसल्या मला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवला होता. मागच्या वर्षी शाळेची सहल एका गडावर गेली होती. सगळ्यांनी 'गड सर केला' असं लिहिलं. याने लिहिलं, 'मला पायऱ्यांची भीती वाटली. मी खालीच झाडाखाली बसलो. सर ओरडले. मुलं हसली. मला घरी जावंसं वाटत होतं.' त्याखाली मी लाल पेनाने शेरा मारला होता, 'निबंधाचा शेवट आनंददायी हवा', आणि दहापैकी चार गुण दिले होते. अख्ख्या वर्गात खरा निबंध तेवढाच होता, आणि मी त्याला खोटं लिहायला सांगितलं होतं.

सोमवारी शाळेत त्याला बोलावलं. वही त्याच्या आईने जपून ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी आणली. जुना शेरा खोडला आणि लिहिलं, 'तू खरं लिहिलंस. मलाही शिडीवर अशीच भीती वाटली.' त्याने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही रडलात पण?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "आणि मार्क?"

मार्क बदलले. दहापैकी आठ. दोन शुद्धलेखनाचे गेले, ते मात्र त्यालाही मान्य होते.

तेव्हा सहलीचा निबंध देताना फळ्यावर मुद्दे लिहू नका, एवढंच सुचवते. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. 'तिथे तुला काय नवीन कळलं?' आणि 'कुठे नको वाटलं?' पालकहो, घरी आल्यावर 'मजा आली ना?' असं विचारण्याआधी थोडं थांबा. त्या प्रश्नाला मुलं 'हो' एवढंच म्हणतात.