ढुंडीच्या बांधावरचा मीटर

डाकोरला जाणारा माणूस रणछोडरायाचे दर्शन घेतो, देवळाबाहेर गरम गोटे खातो आणि परततो. मी २०१८ च्या डिसेंबरात डाकोरला गेलो, दर्शनही घेतले, गोटेही खाल्ले. पण माझे खरे काम पुढे होते. तिथून जवळच, गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ठासरा तालुक्यात ढुंडी नावाचे लहानसे गाव आहे. तिथले काही शेतकरी गव्हा-बाजरीबरोबर वीजही पिकवतात आणि वीज कंपनीला विकतात, असे ऐकले होते. उन्हापासून वीज कशी होते ते मला ठाऊक होते. ती विकल्यावर पैसा कसा वाटतात, ते मला पाहायचे होते. त्यामागचे कारण माझ्या घरातले आहे. ते पुढे सांगतो.

आणंद स्टेशनवर उतरून उमरेठमार्गे डाकोरकडे निघालो, की दोन्ही बाजूंना तंबाखूची शेते लागतात. जमीन पोयट्याची, भुसभुशीत. आपल्याकडच्या खडकाळ माळावरून गेलेल्या माणसाला हेवा वाटावा अशी. ढुंडीत मात्र एक उणीव होती. ज्यांनी ही संस्था काढली, त्यांच्या विहिरींवर विजेचे पंप नव्हते. डिझेल इंजिने होती. डिझेलचा भाव वाढला की पाण्याचा भाव वाढे, आणि ज्याच्याकडे इंजिन नाही त्याला शेजाऱ्याकडून ते महाग पाणी घ्यावे लागे.

आणंदला आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचे कार्यालय आहे. तिथल्या अभ्यासकांनी २०१५ च्या सुमारास या शेतकऱ्यांपुढे एक विचार मांडला. सौरपंप तर घ्याच. पण पंप बंद असताना पॅनेलवर पडणारे ऊन फुकट का घालवायचे? सगळ्यांचे पंप एका तारेत जोडा आणि उरलेली वीज कंपनीला विका. आरंभी सहा शेतकरी तयार झाले. त्यांच्या मंडळीचे नाव ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी. सहा जणांची मिळून क्षमता ५६.४ किलोवॅट होती. पुढे आणखी तिघे आले आणि सभासद नऊ झाले. सौर सिंचनाची जगातली पहिली सहकारी संस्था म्हणून तिचे नाव झाले.

शेतात उभे राहून पाहिले, तर फार काही दिसत नाही. लोखंडी सांगाड्यावर पॅनेलच्या रांगा, शेजारी पंप, एक पेटी आणि तिच्यात मीटर. पॅनेलखालच्या सावलीत भाजीपाला. मी शेतकी पदवीधर, म्हणून आधी वाकून ती भाजी पाहिली. मग मीटरकडे वळलो. वाचकहो, त्या मीटरपाशी मी सर्वांत जास्त वेळ उभा होतो.

व्यवस्था अशी आहे. प्रत्येक सभासदाच्या शेतात त्याचा स्वतंत्र मीटर. सगळ्यांच्या तारा जिथे एकत्र येतात तिथे एक सामाईक मीटर, आणि त्यापुढे मध्य गुजरात वीज कंपनीची लाइन. कंपनी मंडळीला ओळखते, एकेका शेतकऱ्याला नाही. तिने मंडळीशी २५ वर्षांचा करार केला, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. पैसे मंडळीकडे येतात आणि मंडळी ते ज्याच्या-त्याच्या मीटरप्रमाणे देते. पुढाऱ्याला जास्त आणि गरिबाला कमी, असे करायला जागाच नाही. आकडा पेटीत दिसतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. समजा, सामाईक मीटरवर महिन्याला ६,००० युनिट नोंदले गेले. ४.६३ च्या दराने २७,७८० रुपये झाले. पण सभासदांच्या मीटरांची बेरीज केली तर ६,१५० भरते. हे १५० युनिट गेले कुठे? तारेत काही वीज जिरते, तेवढी तूट समजण्यासारखी आहे. मग ती सर्वांनी आपापल्या हिश्श्याने सोसायची. ज्याच्या मीटरवर १,२३० युनिट पडले, म्हणजे एकूण बेरजेचा पाचवा भाग, त्याला २७,७८० चा पाचवा भाग म्हणजे ५,५५६ रुपये मिळतील. एवढा हिशेब आपल्या शाळेतली सातवीची मुलगी करील. पण हीच तूट उद्या १५० ची ६०० झाली, तर एकाने उठून विचारले पाहिजे, की तार खराब झाली, मीटर बिघडला, की आणखी काही? दोन मीटर ठेवण्याचा खरा उपयोग हा आहे.

आता दराविषयी. सुरुवातीला त्या अभ्याससंस्थेने कंपनीच्या दरावर दोन बोनस दिले. स्वच्छ वीज केल्याबद्दल युनिटला सव्वा रुपया आणि पाणी वाचवल्याबद्दल सव्वा रुपया. असे मिळून ७ रुपये १३ पैसे होत. पाणी वाचवण्याचा मुद्दा आपण ध्यानात घ्यावा. ऊन फुकटचे, म्हणून नुसता सौरपंप बसवला तर तो दिवसभर चालू राहतो आणि विहीर तळाला जाते. न उपसलेल्या पाण्याची वीज विकता आली, तर शेतकरी स्वतःच बटण बंद करतो. शिवाय सौरपंपवाले शेजाऱ्यांना डिझेलवाल्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त पाणी देऊ लागले. त्यामुळे ज्यांच्या शेतात पॅनेल नाही, त्यांचाही लाभ झाला.

पण सभासदांनीही काही सोडले आहे. अनुदानाच्या स्वस्त विजेची जोडणी पुढची २५ वर्षे मागणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. त्यांनी पदरचे पैसेही घातले. पहिल्या सहांनी किलोवॅटमागे सुमारे ५,००० रुपये भरले, आणि मागून आलेल्या तिघांनी सुमारे २५,०००. तरीही यंत्रांच्या खर्चाचा मोठा वाटा बाहेरून आला, हे विसरून चालणार नाही. बोनस देणारी संस्था कायम पाठीशी नसते. ढुंडीचे कौतुक करताना आपण ४.६३ चाच दर धरून हिशेब मांडावा. बोनसवर संसार उभा करू नये.

असा चोख हिशेब त्या भागात कसा रुजला, याचा विचार करत मी आणंदला परतलो. उत्तर स्टेशनाच्या वाटेवरच होते. १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने याच आणंदला दूध उत्पादकांचा संघ उभा राहिला. तेव्हापासून तिथल्या गावागावांत बाई किंवा गडी दुधाची किटली घेऊन संस्थेत जातो, दूध मापले जाते, फॅट तपासली जाते, नोंद होते. जात कोणती, घर कुणाचे, हे माप विचारीत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर आपल्यासमोर दूध मापून घेतले, तो वीजही आपल्यासमोर मापून मागतो. सवय ही मोठी गोष्ट आहे.

आता घरची गोष्ट सांगतो.

आमचे गाव कृष्णाकाठी. नदीचे पाणी उचलून माळावर न्यायला गावाने उपसा जलसिंचन संस्था काढली होती. माझे वडील तिचे सभासद. उसाच्या बिलातून पाणीपट्टी कापून जाई आणि पावती घरी येई. वडील त्या पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत, तारखेवार, दोऱ्याने बांधून ठेवीत. मी नुकता बी.एस्सी. ॲग्री होऊन नोकरीला लागलो होतो. गावात शिकलेला म्हणून मान. एका वार्षिक सभेत संचालकांनी मला अहवाल वाचायला उभे केले. मी खणखणीत आवाजात वाचला. एका म्हाताऱ्याने विचारले, "बाळ, सगळं बरोबर हाय न्हवं?" मी म्हणालो, "होय तात्या, बरोबर आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, सभा संपली.

त्या अहवालात पाणीपट्टी किती जमली ते होते. विजेचे बिल किती भरले ते नव्हते. मी ते विचारले नाही. मला ते सुचलेच नाही, हे त्याहून वाईट.

१९९५ च्या मे महिन्यात थकबाकीपोटी संस्थेची वीज तोडली. सभासदांनी भरलेले पैसे पाइपांच्या दुरुस्तीत, जुन्या कर्जाच्या हप्त्यांत आणि न सांगण्यासारख्या काही खर्चांत गेले होते. बिले मात्र तशीच कपाटात. चाळीस दिवस माळावर पाणी चढले नाही आणि ऊस उभ्या जागी वाळला. वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. फक्त ट्रंक उघडून पावत्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. एकही पावती कमी नव्हती.

संस्था लहान होती म्हणून बुडाली, असे म्हणावे तर मोठीचेही उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कित्येक गावांना जवळजवळ चाळीस वर्षे वीज पुरवली. मंडळाकडून वीज घाऊक घ्यायची आणि सभासदांना वाटायची, असे तिचे काम. शेतकऱ्यांची स्वतःची वीज संस्था म्हणून तिचा दबदबा होता. पण खरेदीच्या विजेची थकबाकी वाढत गेली. ती किती आणि कुणामुळे, याचे वाद नियामक आयोगापर्यंत आणि कोर्टापर्यंत गेले. २०११ मध्ये तिच्या परवान्याची मुदत संपली आणि वीज वाटण्याचे काम महावितरणकडे गेले. वसूल करायची ती सभासदांकडून आणि निवडून यायचे तेही त्यांच्याच मतांवर, अशा संस्थेला हिशेब कठोर ठेवणे सोपे नसते. म्हणून तर तो उघडा ठेवावा लागतो.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे. गेल्या दिवाळीत पुतण्या आणि त्याचे चार मित्र घरी आले. गावात सौर वीज संस्था काढायचा त्यांचा विचार आहे. पुतण्याने विचारले, "काका, पॅनेल कुठल्या कंपनीचं घ्यावं?" मी म्हणालो, "पॅनेलचं मागून पाहू. आधी सांगा, वही कोण लिहिणार आणि ती कोण वाचणार?" पोरे एकमेकांकडे पाहू लागली. मग मी त्यांना जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

पहिले, सभासदाचा मीटर आणि सामाईक मीटर, दोन्हींचे आकडे दर महिन्याला एकाच दिवशी, दोघा-तिघांसमोर घ्या आणि फळ्यावर लिहा. चावडीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसले पाहिजेत.

दुसरे, कंपनीकडून आलेला पैसा बँकेतच जमा व्हावा आणि काढायला दोन सह्या लागाव्यात. त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात.

तिसरे, इन्व्हर्टर काही पॅनेलइतकी वर्षे टिकत नाही. दर युनिटमागे थोडे पैसे त्यासाठी वेगळे काढा आणि त्यांना हात लावू नका. आलेला सगळा पैसा वाटून टाकणारी संस्था पहिल्या मोठ्या बिघाडाला बसते.

चौथे, वर्षातून एकदा बाहेरच्या हिशेबतपासणीसाकडून तपासणी होतेच. पण त्याने काढलेले दोष सभेत मोठ्याने वाचा. सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेर, झाली पाहिजे.

पाचवे सर्वांत महत्त्वाचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे कोणाही सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन तपासलेला ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि आपल्या खात्याच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. हा हक्क कागदावर राहू देऊ नका. हिशेब मागणे म्हणजे चेअरमनवर संशय घेणे नव्हे. चांगल्या चेअरमनला तर त्याचा आधारच वाटतो.

बहिणींनो, तुमच्यासाठी एक शब्द. घरातला गल्ला, दुधाची वही, बचत गटाचा हिशेब तुम्ही सांभाळता. मीटरचा आकडा लिहून ठेवायला तुमच्याहून योग्य कोण? सभासदत्वाच्या अर्जावर तुमचेही नाव असू द्या.

गावची संस्था अजून नोंदली गेलेली नाही. पॅनेलही आलेली नाहीत. पण वडिलांच्या पावत्यांचा तो गठ्ठा मी पुतण्याच्या हवाली केला आहे. त्याने विचारले, "काका, याचं काय करू?" मी म्हणालो, "पहिल्या सभेत टेबलावर ठेव. आणि कुणी विचारलं, सगळं बरोबर आहे ना, तर होय म्हणण्याआधी वही उघड."

तुमच्या गावातही अशी संस्था निघत असेल, पाण्याची, दुधाची किंवा विजेची, तर येत्या सभेला जाताना आपल्या पावत्या बरोबर न्या. आणि अहवाल वाचून झाला की एवढेच विचारा: जमले किती ते कळले, भरले किती?