शिवायचं वय

तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कोरं कापड लागू देत नाहीत. आजीचं धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं फाडायचं आणि त्याचं दुपटं शिवायचं, ही खेड्यापाड्यांतली जुनी रीत. गोधडी अशी पहिल्याच दिवशी आपल्या आयुष्यात येते आणि मग जातच नाही. एकाच गोधडीत तीन भावंडं झोपतात, शिकायला परगावी निघालेल्या मुलाच्या वळकटीत ती असते, बाळंतिणीच्या खाटेवर असते, तापात दोन दोन अंगावर पडतात. इतकी वर्षं आपण ती नुसती पांघरतो. शिवायची कधी, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की तिचं एक ठरलेलं वय आहे, आणि ते नोकरी सुटल्यावर येतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका ५८व्या वर्षी घरी येते, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली त्याहून आधी. तिने सुई हातात घेतली की लोक त्याला विरंगुळा म्हणतात. मला तो शब्द फार अपुरा वाटतो. गोधडीला तीन गोष्टी लागतात: वापरून जुनं झालेलं कापड, ते कुणाचं होतं ते आठवणारं माणूस आणि मोकळ्या दुपारी. या तिन्ही एकत्र येतात त्या याच वयात.

कापडाचंच घ्या. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की प्रत्येक पदर दोन मीटरचा होतो, म्हणजे माणूस झोपून पाय ताणेल एवढा, आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर. एका लुगड्यात एका माणसाची चारपदरी गोधडी बसते. कापाकापी जवळजवळ नाहीच. जणू नेसण्यासाठी विणलेल्या वस्त्रातच पुढचं पांघरूण मोजून ठेवलेलं असतं. पण ते लगेच उपयोगाचं नसतं. नव्या सुताला खळ असते, ताठपणा असतो, चार पदरांतून सुई ओढताना बोटं दुखतात. दहा-पंधरा वर्षांच्या धुण्याने सूत मोकळं होतं, घाम टिपू लागतं, सुई लोण्यात जावी तशी जाते. हा मऊपणा दुकानात मिळत नाही, तो वापरूनच यावा लागतो. शिवायच्या आधी जाणत्या बायका कापडाचा एक कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून धरतात. डाग उमटला तर रंग कच्चा. ते कापड बाजूला. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारी या गावाच्या नावातच रंगारी आहे, तेव्हा पक्क्या-कच्च्या रंगाची ही पारख तिथल्या माणसाला वेगळी सांगायला नको. अडचण आहे ती हल्लीच्या कपाटांची. तिथे सुती लुगडी संपत आली आणि पॉलिस्टरच्या साड्यांचे ढीग झाले. त्या आटत नाहीत, विटत नाहीत, पण घामही टिपत नाहीत आणि पदर एकमेकांवरून घसरतात. त्यांची गोधडी होते, पण ती सुती गोधडीसारखी अंगाला लागत नाही, हे कबूल करायला हवं. मग सुती परकर, धोतरं, विरलेल्या चादरी, अस्तराचे तुकडे असं शोधत बसावं लागतं. हा शोधही तिलाच जमतो जिने तीस वर्षं घरातलं कापड हाताळलेलं असतं.

दुसरी गोष्ट आठवणीची. कुठला तुकडा मध्यावर आणि कुठला कडेला, हे निव्वळ रंगसंगतीवर ठरत नाही. सासूबाईंच्या लुगड्याची किनार, मुलाच्या पहिल्या गणवेशाची खाकी, लग्नातल्या शालूचा उसवलेला काठ, यांची जागा ठरवणं म्हणजे आयुष्याकडे मागे वळून क्रम लावणं आहे, आणि क्रम लावायला मागे पुरेसं साठलेलं असावं लागतं. या कामाचा सर्वांत मोठा दाखला देवगावातच आहे. संत बहिणाबाई इथे १६२८ मध्ये जन्मल्या. सासर जवळच्या शिऊरचं. समाधीही तिथेच, १७०० सालची. तुकोबांना गुरू मानणाऱ्या या बाईने आपलं चरित्र स्वतः अभंगांत सांगितलं. मराठीत स्वतःचं आयुष्य असं सलग सांगणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांचं नाव घ्यावं लागतं. आणि अखेर जवळ आली तेव्हा त्यांनी मुलाला आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत सांगितली. जन्मांवर कुणाचा विश्वास असो नसो, ते सांगण्याची वेळ मला महत्त्वाची वाटते. तुकडे आधीपासून होते, ते जोडले गेले सत्तरीच्या पुढे.

आता दुपारी. साधा हिशेब करू. दोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडी कमी रुंद अशा गोधडीवर बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घातल्या तर दोऱ्याची वाट सव्वाशे मीटरच्या जवळपास जाते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर बारा हजारांच्या घरात टाके होतात. मिनिटाला दहा पडले तरी वीस तास. रोज दुपारी दोन तास बसलं तर दहा दिवसांत एक गोधडी उठते. नोकरीच्या काळात अशा सलग दहा दुपारी मिळत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नोकरी सुटल्यावर दिवसाला कड राहत नाही. सकाळ कधी संपली आणि संध्याकाळ कधी लागली ते कळेनासं होतं. गोधडी कडेपासून आत शिवत नेतात, फेऱ्यात फेरा, मध्याकडे. आज कुठवर आलो ते बोट ठेवून दाखवता येतं. सही करून पुढच्या टेबलावर सरकवलेल्या कागदात हे समाधान क्वचितच असतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. कन्नड तालुक्यात कापूस वेचणाऱ्या, निंदणी करणाऱ्या बाईला निवृत्ती कुठली? ती तर चैत्र-वैशाखात शेतातली कामं ओसरली की लिंबाच्या सावलीत गोधड्या शिवतेच, आणि तेही घरात पांघरायला लागतात म्हणून. पेन्शनवाल्या बाईच्या आनंदाचं कौतुक तिच्यापुढे कशाला? मी हा आक्षेप टाळत नाही. आपण जिला कला म्हणतो ती या बाईने गरजेपोटी आणि बिनमोल सांभाळली आहे. मोबदला तर सोडाच, तिच्या टाक्यांकडे कुणी थांबून पाहिलंही नाही. पण म्हणूनच ज्यांना सवड मिळाली त्यांनी ती गोधडीला द्यावी असं मला वाटतं. सवडीने शिवणारी बाई शिकायला जाणार ती याच लिंबाखाली. कोपरा कसा दुमडायचा, पदर सरकू नयेत म्हणून आधी कच्चा टाका कुठे घालायचा, हे तिला शेतातल्या बाईकडूनच शिकावं लागेल. आयुष्यभर शिकवत आलेल्या माणसाने अशा ठिकाणी खाली बसून शिकणं ही फार चांगली गोष्ट आहे.

डोळ्यांचं काय, असंही विचारतात. खरं आहे, साठीच्या आसपास सुई ओवायला नातवंड लागतं. पण धावदोरा नजरेइतकाच बोटांच्या अंदाजावर चालतो आणि सुईचं नाक एकदा ओवलं की हातभर दोरा पुरतो. बाजारात तयार ब्लँकेट स्वस्त मिळतं, हाही मुद्दा बिनतोड आहे, जर प्रश्न फक्त थंडीचा असेल तर. शिवणाऱ्याला काय मिळतं याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. अमेरिकेत डेनिस पार्क या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ६० ते ९० वयाच्या २२१ माणसांवर एक प्रयोग केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना गोधडीकाम शिकवलं, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही. आठवड्याला पंधरा तासांच्या आसपास, तीन महिने. आणखी एका गटाने तेवढाच वेळ गप्पा, खेळ आणि सहलींत घालवला. नवं काही शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली, नुसत्या मौजेच्या गटाची तशी सुधारली नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर वाढ ठळक दिसली ती छायाचित्रण शिकणाऱ्यांत. तेव्हा सुई हे औषध आहे असं मी म्हणणार नाही. पण शिकण्याचा ताण बुद्धीला मानवतो, एवढं त्यातून निघतं.

याच प्रयोगाने सहलींबद्दलही विचार करायला लावलं. भटकंती नुसती भटकंती राहिली तर तिचा ठसा पुसट राहतो. हातात एखादं काम असलेला माणूस फिरायला गेला की त्याची नजर बदलते. देवगावहून वेरूळ जवळ. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि दुपारच्या जेवणाचा डबा घेऊन निघालेलं माणूस दिवेलागणीला घरी येतं. तिथे सगळे कैलासापाशी गर्दी करतात, ते योग्यच आहे. पण शिवणाऱ्या बाईने आधी पहिल्या बारा लेण्यांत जावं. ती बौद्ध आहेत. तिथल्या विहारांत राहणाऱ्या भिक्षूंचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असे. मगधातल्या शेतांचे बांधांनी पाडलेले चौकोन बुद्धांनी आनंदाला दाखवले आणि चीवर तसं शिवता येईल का असं विचारलं, अशी विनयपिटकात कथा आहे. म्हणजे तुकडाजोडीचा नकाशा शेतावरून आला. बाराव्या लेण्याच्या वरच्या मजल्यावर उभं राहून हे आठवलं की परतीच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतली कपाशीची आणि मक्याची वावरंही वेगळी दिसू लागतात: कुठे लांबट पट्टी, कुठे ठिगळाएवढा आल्याचा वाफा, मध्येच बांधाची काळी ओळ. कागदाच्या पाठीवर तेवढं उतरवून घेता येतं. पुढच्या फेरीत शिऊर, मग कधी कन्नडच्या घाटाकडे पितळखोरे. वेरूळला मंगळवारी लेणी बंद असतात. तो दिवस घरी राखावा, लुगडं जमिनीवर अंथरून चार कोपऱ्यांवर चार तांबे ठेवावेत आणि कडेचा पहिला फेरा घालायला घ्यावा.