भिंतीवरचा डाग

वडोदरा सपाट आहे असं आपण म्हणतो. ऑगस्ट २०२४च्या पुरात मात्र विश्वामित्रीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, पाठची गल्ली कोरडी राहिली. असं का, ते बघायला मी घरच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर उतरवलं. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचे आकडेही फुकट मिळतात. त्रिमितीत पावागड लगेच उभा राहिला; विश्वामित्री तिथूनच निघते. शहर चपटंच. उंची दहापट ताणली तेव्हा कुठे नदीकाठ दिसला. पण नकाशाचा एक चौकोन साधारण तीस मीटरचा. आमचं घर आणि पाठच्या गल्लीतलं घर एकाच चौकोनात, उंचीही एकच! मम्मी म्हणाली, “भिंतीवरच्या डागाला विचार ना.” आता रविवारी मिस्सा झाली की मी टेप घेऊन घरोघरचे डाग मोजते आणि नकाशात भरते.