पुरचुंडी ठेवावी कुठे?

मिरजेत भाड्याच्या दोन खोल्यांत अकरा वर्षं काढल्यावर आम्ही फ्लॅट घ्यायचं ठरवलं. पंचवीस लाखांचं कर्ज लागणार होतं. ह्यांचा बोनस आणि माझ्या शिकवण्यांचे पैसे मिळून चार लाख साठले होते. हे म्हणाले, "एकवीसच लाखांचं कर्ज काढू."

मी म्हटलं, "आणि आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर? एकदा घरात घातलेले पैसे परत कोण देणार?"

बँकेत चौकशी केली, तर एक निराळंच खातं कळलं. गृहकर्जाला जोडलेल्या खात्यात आपण पैसे ठेवायचे. त्यांवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याजही लागत नाही. गरज पडली की काढता येतात. स्टेट बँकेची 'मॅक्सगेन', बँक ऑफ बडोदाची 'होम लोन अ‍ॅडव्हांटेज' या अशाच योजना.

मी हुरळले होते, पण घरी येऊन कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. अशा कर्जाचा दर बहुधा थोडा जास्त असतो. समजा, साडेआठऐवजी पावणेनऊ टक्के. एकवीस लाखांच्या साध्या कर्जाचं वर्षाचं व्याज ढोबळमानाने १,७८,५०० रुपये. पंचवीस लाख घेऊन चार लाख खात्यात ठेवले, तर १,८३,७५०. म्हणजे ५,२५० रुपये जादा. पैसे हाताशी असण्याचं ते भाडं! साडेसहा टक्क्यांच्या मुदतठेवीपेक्षा मात्र हे बरं पडतं. पण सुमारे पावणेतीन लाखांहून कमी ठेवलं, तर ठेवच बरी.

मैत्रिणींनो, आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हप्ता कमी होत नाही, कर्ज लवकर फिटतं. आणि ठेवलेले पैसे म्हणजे फेडलेलं मुद्दल नव्हे, त्यामुळे जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यांना त्यावर मुद्दलाची करसवलत नाही.

मी एकच अट घातली : कर्ज दोघांच्या नावावर हवं आणि खात्यावरही माझं नाव हवं. शिकवण्यांचे पैसे माझे, मग ते काढताना मला विचारायला नको? हे क्षणभर गप्प बसले, मग हसून "बरं" म्हणाले.

गेल्या श्रावणात सासूबाईंचं ऑपरेशन झालं. दीड लाख काढले, कुणापुढे हात पसरावा लागला नाही. आता खात्यात अडीचच लाख उरलेत. पावणेतीनची रेघ गाठायची आहे, म्हणून संध्याकाळची एक शिकवणी वाढवली आहे!