ओकलंडचा पांढरा हत्ती

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, ओकलंड हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. मोठे बंदर, गोदामे, रेल्वेचे रूळ आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्त्या. आपल्या वाचकांना हे नाव वेगळ्या कारणाने जवळचे वाटेल. १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष याच शहरात स्थापन झाला आणि त्यावरूनच १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. त्याच १९६६ साली ओकलंडमध्ये कोलिझियम नावाचे भव्य मैदान खुले झाले. या मैदानाची हकीकत प्रत्येक करदात्याने ऐकण्यासारखी आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही तेथे बेसबॉलचा सामना पाहिला. लोकल गाडीतून उतरले की एक लांबच लांब पादचारी पूल थेट मैदानापर्यंत जातो. पुलावर टोप्या, पाण्याच्या बाटल्या, शेंगदाणे विकणारे फेरीवाले. हिरव्या-पिवळ्या कपड्यांत कुटुंबेच्या कुटुंबे चाललेली. आत मात्र हजारो खुर्च्या रिकाम्या. तरी मागच्या बाकांवर ढोल घुमत होते. आमच्या शेजारी एक आजोबा पेन्सिलीने वहीत प्रत्येक चेंडूची नोंद करीत होते. "तिकिटाचे पैसे मालकाला जातात म्हणून यावेसे वाटत नाही, पण हे शेवटचे वर्ष आहे, म्हणून येतो," असे ते म्हणाले.

हा संघ म्हणजे ॲथलेटिक्स. लोक लाडाने नुसते 'एज' म्हणतात. १९६८ साली तो ओकलंडला आला आणि १९७२, १९७३, १९७४ अशी सलग तीन वर्षे अजिंक्य ठरला. १९८९ साली पुन्हा अजिंक्यपद मिळाले. संघाचे चिन्ह आहे हत्ती. १९०२ साली, संघ फिलाडेल्फियात असताना, एका प्रतिस्पर्धी व्यवस्थापकाने त्याला 'पांढरा हत्ती' म्हणून हिणवले. संघाने रागावण्याऐवजी हत्तीच छातीवर मिरवला. पण ओकलंडच्या जनतेला खरा पांढरा हत्ती पोसावा लागला तो दुसऱ्याच खेळापायी.

अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स हा संघ १९८२ साली ओकलंड सोडून लॉस एंजलिसला गेला होता. १९९५ साली त्याला परत आणण्यासाठी शहर आणि काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, यांनी सुमारे २० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढून मैदान वाढवले. तिकीट विकत घेण्याचा नुसता हक्क प्रेक्षकांना विकायचा आणि त्या पैशातून कर्ज फेडायचे, असा हिशोब होता. ते हक्क अपेक्षेइतके खपले नाहीत. हप्ते सरकारी तिजोरीवर पडले. नव्या उंच सज्जाने बेसबॉल पाहणाऱ्यांना दिसणाऱ्या टेकड्या झाकल्या. पुढे २००६ साली वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांवर ताडपत्र्या अंथरल्या गेल्या. रेडर्स २०२० साली लास वेगासला गेला. कर्ज मात्र ओकलंडमध्येच राहिले.

मग बेसबॉल संघाच्या मालकानेही नव्या मैदानाची मागणी धरली. दरम्यान चांगले खेळाडू दुसऱ्या संघांकडे गेले आणि मैदानाची दुरवस्था झाली. २०२३ साली ८१ घरच्या सामन्यांना मिळून ८,३२,३५२ प्रेक्षक आले, म्हणजे सामन्याला जेमतेम दहा हजार. लोक येत नाहीत, म्हणून संघ हलवायचा, असा सूर निघाला. पण लोक का येत नाहीत, हे कोण सांगणार? ते लोकांनीच सांगितले. १३ जून २०२३ रोजी चाहत्यांनी 'उलटा बहिष्कार' पुकारला. घरी बसून नव्हे, तर मैदान भरून निषेध! २७,७५९ लोक जमले आणि 'संघ विका' अशा घोषणांनी त्यांनी मैदान दणाणून सोडले.

पण त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास वेगासच्या नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सार्वजनिक पैसा मंजूर केला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ओकलंडमध्ये शेवटचा सामना झाला. त्या दिवशी ४६,८८९ प्रेक्षक होते. संघ ३-२ असा जिंकला. कित्येकांनी मैदानातली माती सोबत नेली. २०२५ पासून संघ सॅक्रामेंटोजवळच्या छोट्या मैदानावर खेळू लागला. लास वेगासचे मैदान २०२८ साली सुरू करण्याचा बेत आहे.

मैदान आले की रोजगार येतो, व्यापार वाढतो, असे प्रत्येक वेळी सांगितले जाते. बहुतेक अर्थतज्ज्ञांचे मत याच्या उलट आहे. कामगार कुटुंबाकडे करमणुकीसाठी ठरावीकच पैसे असतात. सामन्याला गेले तर सिनेमा किंवा खाणावळ चुकते. म्हणजे शहरात पैसा नवा येत नाही, एका गल्ल्यातून दुसऱ्या गल्ल्यात जातो, आणि त्यातला मोठा वाटा मालक व खेळाडू घेऊन जातात. मैदानात खाद्यपदार्थ विकणाऱ्याला, झाडू मारणाऱ्याला काम मिळते तेही सामन्यांच्या दिवसांपुरतेच. संघ गेला की तेही जाते.

खेळावर प्रेम करणे चूक नाही. त्या आजोबांच्या वहीतली प्रत्येक नोंद प्रेमाचीच होती. पण संघ मालकाचा आणि कर्ज जनतेचे, हा न्याय नव्हे. वाचकहो, आपल्या शहरात कोणी भव्य प्रकल्पाचे चित्र दाखवले, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: पैसा कोणाचा? हप्ते किती वर्षांचे? आणि ज्याच्यासाठी हे बांधायचे, तो उठून गेला तर हप्ते कोण भरणार?